पाचारण कोणाच्या घरी?

पास्काकाळातील चौथा रविवार ख्रिस्तसभेत उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून ओळखला जातो. १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी पाचारणासाठी जागतिक प्रार्थनादिन सुरू केला, आणि तो आता याच रविवारी पाळला जातो. त्या दिवशी धर्मग्रामांतून पाचारणावर प्रवचन होते, एखादे वेळी सेमिनरीतले ब्रदर किंवा एखादी सिस्टर येऊन आपली कथा सांगतात, आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत पिकासाठी कामकरी धाडण्याची विनवणी होते. सारे मंदिर एका आवाजात तिला साथ देते. ही विनवणी मनापासूनची असते याविषयी आम्हांला शंका नाही. शंका आहे ती तिच्यातल्या न उच्चारलेल्या एका शब्दाविषयी. देवाने कामकरी जरूर पाठवावेत, पण ते शेजारच्या घरातून पाठवावेत, असे पुष्कळांच्या मनात असते. मिस्सा आटोपून लोक अंगणात उभे असतात. कुणी सहज म्हणते, ''तुमचा धाकटा किती छान वाचन करतो हो! फादर होऊ द्या की त्याला.'' त्या क्षणी त्याच्या आईचा चेहरा पाहावा. ओठांवर हसू असते आणि हात नकळत मुलाच्या खांद्यावर गेलेला असतो.

त्या हाताला हसू नये. ज्या घरांत सात-आठ मुले असत, त्या घरांतून एक मुलगा सेमिनरीत आणि एक मुलगी मठात जाणे आईबापांना जड गेले, तरी मागे चुलीपाशी माणसे उरत. आज घरात एक किंवा दोन मुले आहेत. म्हातारपणी कोण पाहील, वाडी कोण सांभाळील, घराचे नाव पुढे कोण नेईल, हे प्रश्न स्वार्थी माणसालाच पडतात असे नाही. एकुलत्या एका मुलाला देवाच्या स्वाधीन करणाऱ्या आईबापांकडून ख्रिस्तसभा काय मागते आहे, याची जाणीव प्रवचनकारांनीही ठेवावी असे आम्हांला वाटते.

तथापि या भीतीने आणखी एक गोष्ट केली आहे, आणि आमचा आजचा विषय तोच आहे. पाचारण म्हणजे फादर किंवा सिस्टर होणे, एवढाच अर्थ एकदा घरात पक्का झाला की उरलेल्या साऱ्या मुलांसाठी तो शब्दच बाद होतो. त्यांच्यासाठी मग दुसरा शब्द वापरला जातो : करिअर. पाचारणाविषयी देवाशी बोलायचे असते. करिअरविषयी शेजाऱ्यांशी, क्लासवाल्यांशी आणि परदेशातल्या आतेभावाशी बोलले की पुरते.

मराठीने या बाबतीत आम्हांला फार चांगला शब्द दिला आहे. वर्तमानपत्रात आपण वाचतो, गोदामाला आग लागली आणि अग्निशामक दलाला पाचारण करण्यात आले. रोग्याची प्रकृती ढासळली, तेव्हा तज्ज्ञ डॉक्टरांना पाचारण करण्यात आले. सत्कारासाठी बोलावतात त्याला आपण निमंत्रण म्हणतो, जेवायला बोलावतात त्याला आमंत्रण. पाचारण होते ते कोणीतरी अडचणीत असते म्हणून. पवित्र शास्त्रातही हाच क्रम आढळतो. जळत्या झुडपातून देव मोशेला हाक मारतो, त्याआधी मिसर देशातल्या गुलामांचा आक्रोश त्याच्या कानी पोहोचलेला असतो. मोशेचे भाग्य उजळावे म्हणून ती हाक नव्हती. मोशेने तर आपण बोलण्यात जड आहोत अशी सबबही सांगून पाहिली.

हे ध्यानात घेतले तर मुलाला विचारायचा प्रश्न बदलतो. ''तू मोठेपणी कोण होणार?'' हा प्रश्न आपण चार वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन विचारू लागतो आणि तो वीस वर्षांचा होईपर्यंत विचारत राहतो. त्या प्रश्नात मूल एकटेच असते. दुसरे कोणी त्यात नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली तरुणांसाठी लिहिलेल्या 'ख्रिस्तूस व्हिव्हिट' या पत्रात हा प्रश्न उलटा करून विचारायला सांगितले आहे : मी कोण, यापेक्षा मी कोणासाठी? आमच्या घरगुती भाषेत म्हणायचे तर, ''बाळा, तुझी गरज कोणाला आहे?'' दहा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न कळणार नाही असे कोणाला वाटत असेल तर त्याने विचारून पाहावा. मुले आजीचे नाव घेतात, वर्गातल्या तोतऱ्या मुलाचे नाव घेतात, गोठ्यातल्या वासराचे नाव घेतात.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात पावित्र्याचे पाचारण सर्वांना आहे असे स्पष्ट केले. संसारी माणसाचा विवाह हेही पाचारण, आणि आईवडील हे मुलांच्या श्रद्धेचे पहिले प्रचारक, ही शिकवणही त्याच संविधानात आहे. याला आता साठ वर्षे उलटून गेली. लग्नाच्या मिस्सात हे आपण ऐकतो आणि मांडवात येईपर्यंत विसरतो, म्हणून येथे आठवण दिली इतकेच.

मत्तयाच्या शुभवर्तमानातला तालंतांचा दृष्टान्त आमच्या मुलांना पाठ असतो. 'टॅलेंट' हा शब्द आज दूरचित्रवाणीच्या नाचगाण्यांच्या स्पर्धांपासून नोकरीच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तो इंग्रजीत गुण या अर्थाने रूढ झाला तो याच दृष्टान्तावरून. मुळात तालंत हे वजन होते, आणि चांदीचा एक तालंत म्हणजे साधारण ६००० दिनार. दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. तेव्हा ज्या चाकराला सर्वांत कमी, म्हणजे एकच तालंत मिळाला, त्याच्याही हाती जवळजवळ वीस वर्षांच्या मजुरीएवढी रक्कम पडली होती! धन्याने कोणालाच चिल्लर दिली नव्हती. ज्याने आपला तालंत जमिनीत पुरला त्याने तो उधळला नाही, चोरला नाही, जुगारात घालवला नाही. तो भ्याला. धनी कठोर आहे असे त्याने मनाशी धरले आणि सुरक्षित वाटला तो मार्ग पत्करला.

हा दृष्टान्त मुलांना सांगताना आपण त्यांना सांगतो की गुण पुरून ठेवू नका. पण बहुधा खड्डा खणणारे हात मुलाचे नसतात. आमच्या वसईतलीच उदाहरणे घ्या. एखाद्या मुलाच्या बोटांत माती असते. केळीच्या पानाकडे पाहून तो रोग ओळखतो, सोनचाफ्याच्या कळ्या कोणत्या पहाटे खुडाव्यात हे त्याला सांगावे लागत नाही, आजोबांच्या मागे वाडीत तास तास रमतो. घरातली सारी मंडळी मात्र त्याला एकच वाक्य ऐकवतात, ''वाडीत काय ठेवलंय आता?'' दुसऱ्या घरी एखादी मुलगी आजारी माणसाच्या उशाशी कंटाळल्याशिवाय बसते. सुनांना जे पथ्यपाणी आठवत नाही ते तिला आठवते. तिने परिचारिका व्हायचे म्हटले की घरात आधी परदेशातल्या पगाराचा हिशेब होतो. हिशेब करू नये असे नाही. पोटापाण्याची चिंता देवानेही कमी लेखलेली नाही. पण त्या हिशेबात आजाऱ्याचे नाव कोठेही नसते. तिसरा एखादा मुलगा लग्नाच्या बँडमागे धावत धावत कानाने ट्रम्पेट शिकतो, आणि दहावीच्या वर्षी ते ट्रम्पेट माळ्यावर जाते ते कायमचेच.

दहावीचा निकाल लागला की चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागतात. त्यांवरील टक्के पाहून आम्हांलाही आनंद होतो. परंतु टक्के ही स्मरणशक्तीची आणि परिश्रमाची पावती आहे. देवाने त्या मुलाच्या हाती काय दिले, हे त्या फलकावर मावत नाही. आर्सचे धर्मगुरू संत जॉन मारी व्हियान्नी यांना लॅटिन जमेना म्हणून सेमिनरीतून घरी धाडण्यात आले होते. पुढे १८१५ साली त्यांना कशीबशी गुरुदीक्षा मिळाली. याच माणसापुढे पापनिवेदनासाठी फ्रान्सभरातून लोकांची रीघ लागली, आणि आज ते धर्मग्राम-गुरूंचे आश्रयदाते संत आहेत.

पण आमच्या मुलांना सांगण्यासाठी फ्रान्सपर्यंत जाण्याची गरज नाही. वसईच्या किल्ल्याच्या पडक्या भिंतींमधून आपण कितीदा फिरलो असू! याच वसईत १५५७च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथली. येथेच तो येशूसंघीयांच्या हाताखाली शिकला आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्याबरोबर जपानला गेला. त्याच्या नावाचे मंदिर गासला आहे, त्याच्या नावाचे महाविद्यालय वसईत आहे, आणि हुतात्मा म्हणून त्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. मात्र ती सांगताना आपण घाई करतो. वसईत जन्म झाला की लगेच नागासाकीचा क्रूस. मधली पंचवीस वर्षे गाळली जातात, आणि आमच्या मते मुलांना सांगण्यासारखे जे आहे ते त्या पंचवीस वर्षांतच आहे.

गोन्सालोला भाषेचे दान होते. जपानी भाषा त्याने इतकी आत्मसात केली की लोकांशी तो त्यांच्यातलाच एक होऊन बोलू शके. सुमारे आठ वर्षे त्याने येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षक म्हणून काम केले. त्याची इच्छा येशूसंघात प्रवेश मिळवण्याची होती. तो मिळाला नाही. चोविशीच्या आसपासच्या तरुणाला, ज्याने घरदार सोडून आयुष्याची कोवळी वर्षे याच एका आशेवर काढली, त्याला हा नकार कसा लागला असेल? त्याने पुढे काय केले, तर व्यापार. पूर्वेकडील बंदरांत त्याचा जम बसला, हाती पैसा आला. वसईतल्या त्याच्या नातलगांना हे कळले असते तर त्यांनी समाधानाचा सुस्काराच सोडला असता : बरे झाले, पोरगा मार्गाला लागला.

पण हाक थांबली नव्हती. फिलिपाइन्समध्ये मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाशी त्याचा संबंध आला आणि त्या संघात तो ब्रदर म्हणून दाखल झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. मग मनिलाच्या स्पॅनिश राज्यपालाचा दूत म्हणून फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानला पाठवायचे ठरले, आणि अडचण उभी राहिली ती भाषेची. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर बोलायचे कोणी? तेव्हा ब्रदर गोन्सालोला पाचारण करण्यात आले. येथे आम्ही तो शब्द वर्तमानपत्री अर्थानेच वापरतो आहोत, आणि तोच खरा अर्थ आहे. १५९३ साली तो दुभाष्या म्हणून जपानला परतला. मुलगा म्हणून जी भाषा शिकला, धर्मशिक्षक म्हणून जी वापरली, नकार मिळाल्यावर कदाचित बाजारात जी घासूनपुसून घेतली, तीच भाषा आता एका साऱ्या धर्मकार्याची जीभ झाली. क्योटो येथे फ्रान्सिस्कनांनी मठ उभारला आणि कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभली. १५९६च्या डिसेंबरात अटक झाली. कानाची पाळी कापून, भर हिवाळ्यात क्योटोहून नागासाकीपर्यंत त्या मंडळींना चालवत नेण्यात आले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रूसावर चढवण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळीस वर्षांचा होता. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संतपद बहाल केले.

यात आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो नकार. त्या नकारानंतर गोन्सालोच्या हातून जे गेले ते केवळ एका संघातले स्थान होते. पाचारण गेले नव्हते आणि दानही गेले नव्हते. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या समाजात एक दुखणे आहे ज्याविषयी मोकळेपणाने कोणी बोलत नाही. सेमिनरीतून किंवा मठातून परत आलेल्या मुलांचे दुखणे.

मुलगा जातो तेव्हा गावात मिस्सा होते, फुगे लावतात, फोटो काढतात, कपाळाला हात लावून आशीर्वाद देतात. दोन वर्षांनी, चार वर्षांनी तो परत येतो. हे आपले जीवन नव्हे असे त्याला प्रार्थनेअंती आणि आपल्या गुरुजनांच्या सल्ल्याने उमगलेले असते. पण चर्चच्या फाटकाशी पहिला प्रश्न येतो तो, ''काय झालं रे?'' आणि प्रश्नाचा सूर असा, जणू काही तो परीक्षेत नापास झाला, किंवा त्याहून वाईट, पळून आला. आई दोन रविवार दुपारच्या मिस्साला जाते, सकाळची गर्दी नको म्हणून. काही महिन्यांनी त्याच्या लग्नाचा विषय निघतो तेव्हा मुलीकडची माणसे हळूच चौकशी करतात. अशा घरांतला तो कोंडलेपणा आम्ही जवळून पाहिला आहे. तेथे देवाचा आवाज ऐकायला शिकलेला एक तरुण मुलगा बसलेला असतो, आणि त्याला काय येते, काय आवडते, आता कोणाला त्याची गरज आहे, हे कोणीच विचारत नाही.

सेमिनरीतली वर्षे ही पारखण्याची वर्षे असतात. जो पारखून परत आला त्याने ती वर्षे ज्यासाठी असतात तेच केले. ख्रिस्तसभेचा कायदाही या बाबतीत किती स्वच्छ आहे ते पाहावे. १९८३ सालच्या धर्मविधानातील २१९ व्या कलमानुसार आपली जीवनावस्था निवडताना कोणत्याही दडपणापासून मुक्त असण्याचा प्रत्येक श्रद्धावंताला हक्क आहे. १०२६ वे कलम आणखी पुढे जाते : गुरुदीक्षा घेण्यास कोणावर बळजबरी करणे निषिद्ध आहे, आणि लायक असलेल्याला तिच्यापासून परावृत्त करणेही निषिद्ध आहे. एकाच कलमात दोन्ही प्रकारच्या आईबापांना चाप बसला! घरात एक फादर असावा म्हणून मुलाला पुढे ढकलणारे, आणि घरात एक तरी नातू असावा म्हणून त्याला मागे ओढणारे.

संत तेरेजाचे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन, यांना १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी संत घोषित केले. या दोघांनाही तारुण्यात मठाने नकार दिलेला होता. लुईला लॅटिन येत नव्हते. झेलीला सिस्टरांच्या संघाने घेतले नाही. तो घड्याळे दुरुस्त करू लागला, ती लेस विणण्याच्या धंद्यात नाव कमावून बसली, आणि १८५८ साली त्यांचे लग्न झाले. त्यांच्या नऊ अपत्यांपैकी पाच मुली जगल्या व पाचही सिस्टर झाल्या, एवढे आपण ऐकलेले असते. पण त्यांतली तिसरी, लेओनी, हिची कथा आपण फारशी सांगत नाही. ती घरातले अवघड मूल होते. अभ्यासात मागे, हट्टी. शाळेतून परत पाठवलेली. आईच्या पत्रांतून तिच्याविषयीची काळजी सतत डोकावते. मठात जाऊन ती तीनदा परत आली. चौथ्या वेळी, १८९९ साली, ती कां शहरातील व्हिजिटेशन मठात गेली आणि १९४१ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिली. तिच्या संतपदाच्या प्रक्रियेचा आरंभ आता झालेला आहे. तिसऱ्यांदा घरी परतलेल्या त्या मुलीला आपल्या एखाद्या गावात किती टोमणे खावे लागले असते, याचा विचार केलेला बरा.

मूल कोणते दान घेऊन आले आहे हे ओळखायचे कसे, असे पालक विचारतात. आमच्याजवळ त्याचे यंत्र नाही. आता कल-चाचण्या निघाल्या आहेत. त्यांचा उपयोग आहे, तेवढ्यापुरता. आम्ही मात्र पालकांना दृढीकरणाच्या पुस्तकाकडे परत पाठवतो. पवित्र आत्म्याची सात दाने मुले तेथे घोकतात : सुज्ञता, समज, सुमंत्रणा, धैर्य, ज्ञान, भक्ती आणि देवाचे भय. महागुरूंनी विचारले की खडाखड म्हणून दाखवतात. ती यादी आईबापांनी एकदा घरी, रात्रीच्या जेवणानंतर, मुलांचे चेहरे समोर ठेवून वाचावी. ज्या मुलीपाशी वर्गातल्या चार मैत्रिणी आपले रडगाणे घेऊन येतात, ती मुलगी घरी 'फोनवर वेळ घालवणारी' म्हणून बोलणी खाते. ते सुमंत्रणेचे दान असू शकेल. जो मुलगा खोट्याला खोटे म्हटल्याशिवाय राहत नाही आणि मार खाऊनही शब्द मागे घेत नाही, त्याला आपण आगाऊ म्हणतो. धैर्याला घरात वळण लागायला हवे, हे खरे. पण त्याचे नाव तरी बरोबर घ्यावे. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना सांगितले आहे की ही दाने प्रत्येकाला सर्वांच्या हितासाठी दिलेली आहेत. तेव्हा मूल काय उत्तम करते हे तर पाहावेच, पण त्याच्या करण्याने कोणाचे ओझे हलके होते हेही पाहावे.

आणि त्याला करायला काही द्यावे. सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीचे वडील रविवारी ज्या म्हाताऱ्यांना भेटायला जातात, तेथे मुलाला सोबत नेले तर काही बिघडत नाही. वाचन, गायन, वेदीसेवा यांत जे मूल चमकते तेच पुन्हा पुन्हा पुढे करण्याची सवय आमच्या धर्मग्रामांना आहे. सण चांगला दिसावा हा त्यामागचा हेतू. मागच्या बाकावरचे मूल मग मागच्या बाकावरच मोठे होते. दृढीकरणाच्या वर्षी मुलांपुढे फादर-सिस्टरांबरोबर गावातली एखादी दाई, शेतकरी, रेल्वेचा मोटरमन, पाच मुलांची आई, बँडमास्तर अशा माणसांनाही बसवावे आणि एवढेच विचारावे की तुम्हांला या कामात कोणी बोलावले. काहींना सांगता येणार नाही. काहींची उत्तरे ऐकून मुले बराच वेळ गप्प राहतील.

पाचारण स्वीकारले म्हणजे दान टाकून द्यावे लागते, असाही एक समज आहे. २०२४ साली आपल्यातून गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे पाहिले की तो टिकत नाही. लेखणी आणि वसईच्या मातीचे प्रेम त्यांनी धर्मगुरूपणाच्या दाराबाहेर ठेवले नाही. 'सुवार्ता'चे संपादन, हरित वसईचा लढा, 'सुबोध बायबल', आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, हे सारे एकाच हाकेला दिलेले उत्तर होते.

पालकांचे काम किती आणि कोठे थांबते, हे आम्हांला एलीच्या कथेत दिसते. मुलगा शमुवेल रात्री तीनदा उठून एलीकडे येतो. त्याला वाटते म्हाताऱ्यानेच हाक मारली. एलीची दृष्टी मंदावलेली आहे, स्वतःच्या मुलांच्या बाबतीत तो पुरता हरलेला आहे, तरी तिसऱ्या खेपेला त्याच्या ध्यानात येते की हाक कोणाची आहे. तो मुलाच्या वतीने उत्तर देत नाही. मी जाऊन विचारतो, तू झोप, असेही म्हणत नाही. काय म्हणायचे ते शिकवतो आणि मुलाला पुन्हा अंधारात, एकट्याला, त्याच्या जागी पाठवतो. सकाळी शमुवेल देवमंदिराची दारे उघडतो, रोजच्यासारखी. रात्री जे ऐकले ते सांगायला तो भितो, कारण ते एलीच्याच घराण्याविरुद्ध होते. एली आग्रह करून ते वदवून घेतो आणि ऐकून घेतो.

शमुवेलाची आई हन्ना त्या रात्री तेथे नव्हती. नवस करून मागितलेले मूल तिने दूध तुटल्यावर शिलोच्या मंदिरात आणून सोडले होते आणि ती रामा गावी परतली होती. शास्त्र तिच्याविषयी पुढे एक बारीकशी गोष्ट सांगते. दरवर्षी यज्ञासाठी नवऱ्याबरोबर जाताना ती मुलासाठी एक लहानसा झगा शिवून नेत असे. वर्षभर न पाहिलेल्या मुलाचे माप ती कशावरून घेत असेल, हे मात्र शास्त्रात सांगितलेले नाही.